सोलापुरातून युरोपात ग्लोबल हेल्थ शिकायला जायचंय? मग हे असं क्रमाने करा

निकाल लागले की ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली मुलं-मुली मला मेसेज करतात, ताई मला पण बाहेर शिकायला जायचंय, सुरुवात कुठून करू. बीडीएसवाले असतात, बीएएमएसवाले, नर्सिंगच्या मुली, फिजिओ, एमएसडब्ल्यू केलेले पण. मी फिजिओथेरपी करून नंतर स्वीडनला ग्लोबल हेल्थचं मास्टर्स केलं, त्यामुळे स्वीडनचं मी स्वतः बघितलेलं सांगते आणि जर्मनी-नेदरलँड्सचं तिकडे शिकलेल्या मैत्रिणींसोबत बसून ताडून घेतलेलं. नियम आणि रकमा दरवर्षी थोड्या बदलतात, पैसे भरायच्या आधी त्या त्या विद्यापीठाच्या आणि सरकारी साइटवर एकदा बघून घ्याच.

घरच्यांना आधी एक गोष्ट नीट सांगा, की या डिग्रीने तिकडे पेशंट तपासायचा परवाना मिळत नाही. इथे एका माणसाचा आजार नाही तर अख्ख्या वस्तीचा, जिल्ह्याचा, देशाचा आजार शिकवतात, म्हणजे तो कुणाला होतो, का होतो, कुणापर्यंत औषध पोचत नाही, पैसा कुठे अडकतो. तुम्हाला तिकडे क्लिनिकल प्रॅक्टिसच करायची असेल तर रस्ता वेगळा, तिथली भाषा आणि लायसन्सच्या परीक्षा वेगळ्या. हे घरी आधी बोलून घेतलं नाही तर वर्षभर फोनवर "मग तिकडे दवाखाना कधी" हेच चालू राहतं.

पायरी १ : सोलापूरचा एक प्रश्न धरा

सगळे आयईएलटीएसपासून, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेपासून, सुरू करतात. मी म्हणते आधी प्रश्न धरा, कारण पुढचं सगळं, म्हणजे कोर्स कुठला, अर्जातलं पत्र, थीसिस, नंतरची नोकरी, त्या एका प्रश्नावर उभं राहतं. आणि आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. शहराच्या पूर्व भागात घराघरात बायका विड्या वळतात, दिवसभर मान खाली, तंबाखूची धूळ नाकात, लेकरं तिथंच बाजूला खेळतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज आणि उकाडा, त्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर. नळाला काही दिवसांआड पाणी, मग बॅरलमध्ये साठवायचं, मग डासांच्या अळ्या, मग डेंग्यू. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं काही दिवसांत येतात आणि जातात, त्यांचं पाणी, संडास, उन्हातलं चालणं, हे तर जगातल्या कुठल्याही मास गॅदरिंगच्या पाठात बसेल असं आहे.

माझा प्रश्न विडी कामगार बायकांच्या मान-खांदे दुखण्याचा होता, कारण इंटर्नशिपमध्ये त्या बायका यायच्या, बरं वाटलं की परत त्याच कामावर बसायच्या आणि परत यायच्या. व्यायाम शिकवून ते थांबणार नव्हतं, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते तर मध्ये उठून मान कोण मोकळी करणार. हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मला क्लिनिक सोडून दुसरं काहीतरी शिकायचंय हे पण कळलं.

तुमचा प्रश्न सापडला की आकडे शोधा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस-५, २०१९-२१ चं, त्याची सोलापूर जिल्ह्याची फॅक्टशीट फुकट डाउनलोड होते. ॲनिमिया, बाळंतपणं, लसीकरण, बीपी, शुगर, सगळं जिल्ह्याच्या पातळीवर आहे. पण विडी कामगार वेगळ्या काढून दिलेल्या नाहीत, तिथे तुमचा प्रश्न आकड्यात दिसतच नाही, आणि तो का दिसत नाही हेच अर्जात लिहायला सगळ्यात भारी मटेरियल असतं.

आणि जमलं तर जायच्या आधी जामखेडला जाऊन या. आपल्या करमाळ्याच्या पलीकडे, लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून जो प्रकल्प उभा केला तो जगभरात प्राथमिक आरोग्याच्या वर्गात शिकवतात, प्राथमिक आरोग्यावरच्या १९७८ च्या आल्मा आटा या जागतिक परिषदेची चर्चा निघाली की जामखेडचं नाव निघतंच. आपल्या दारातली गोष्ट तिकडच्या स्लाइडवर पहिल्यांदा बघण्यापेक्षा आधी बघून गेलेलं कधीही चांगलं. तसंच डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापुरात १९१० मध्ये जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चिनी वर्गमित्र भेटला तर कोटणीसांचं नाव काढून बघा, बोलणं लगेच सुरू होतं.

पायरी २ : देश आणि कोर्स

नुसतं "युरोप" म्हणून चालत नाही, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा ग्लोबल हेल्थचा कोर्स एक वर्षाचा, ६० क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या कामाचं माप). कोपनहेगन विद्यापीठाचा दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टचा एक वर्षाचा, जर्मनीत हायडलबर्ग आणि बर्लिनच्या शारिटेमध्ये इंटरनॅशनल हेल्थ नावाने, बेल्जियममध्ये अँटवर्पची ट्रॉपिकल मेडिसिनची संस्था, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा आणि बासल. नावात ग्लोबल, इंटरनॅशनल, पब्लिक काहीही असू दे, तुम्ही विषयांची यादी उघडा. एपिडेमिऑलॉजी (आजार कुणात, कसे पसरतात त्याचा अभ्यास) आणि बायोस्टॅट (आरोग्याचं संख्याशास्त्र) किती आहे, हेल्थ सिस्टिम्स किती, थीसिस किती क्रेडिटचा, फिल्डवर जाऊ देतात का. तुमचा प्रश्न त्या यादीत कुठे बसतो ते पेनने खूण करा, कुठेच बसत नसेल तर विद्यापीठ कितीही नावाजलेलं असलं तरी सोडा.

एक वर्ष की दोन? माझं स्पष्ट मत, आरोग्य खात्यात किंवा संस्थेत काम केलेलं असेल तर एक वर्ष पुरतं, कॉलेजातून थेट जात असाल तर दोन वर्षांचा बघा. एका वर्षात श्वास घ्यायला वेळ नसतो, तिकडची थंडी अंगवळणी पडेपर्यंत थीसिसचा विषय द्यायची वेळ येते.

पायरी ३ : पैसा, इथे नीट वाचा

अजून बरेच जण समजतात की युरोपात शिक्षण फुकट. डेन्मार्क २००६ पासून, स्वीडन २०११ पासून, फिनलंड २०१७ पासून आणि नॉर्वे पण २०२३ पासून आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून फी घेतात. जर्मनीत सरकारी विद्यापीठात बहुतेक कोर्सना फी नाही हे खरं, पण इंटरनॅशनल हेल्थसारख्या खास मास्टर्सना बऱ्याचदा असते, त्यामुळे कोर्सच्या पानावर जाऊनच बघायचं.

शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, ओबीसी, भटके-विमुक्त, आदिवासी मुलांसाठी त्या त्या खात्याच्या वेगळ्या योजना आहेत, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची. उत्पन्नाची अट असते, त्यामुळे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, हे सगळं आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर पळापळ करून होत नाही.

इथे एक खाच आहे जी फारसं कुणी सांगत नाही. या योजनांमध्ये विद्यापीठाच्या जागतिक रँकची अट असते आणि बहुतेक वेळा क्यूएस नावाच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतला एकूण रँक धरतात. पण फक्त मेडिकल शिकवणाऱ्या संस्था, म्हणजे कॅरोलिन्स्का किंवा लंडन स्कूल ऑफ हायजीन, या क्यूएसच्या एकूण यादीत नसतातच, त्या फक्त विषयवार यादीत वर दिसतात. म्हणजे जगात त्या विषयात पहिल्या रांगेतली संस्था असूनही तुमचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकू शकतो. शिष्यवृत्तीवरच सगळं अवलंबून असेल तर कोपनहेगन, हायडलबर्ग, उप्साला अशी सगळ्या शाखा असलेली विद्यापीठं यादीत ठेवा आणि त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट ओळन् ओळ वाचा.

काम केलेलं असेल तर जर्मनीची शिष्यवृत्ती देणारी संस्था डाड (DAAD) बघा, त्यांच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या योजनेला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) किंवा एखाद्या संस्थेत केलेली दोन वर्षं वाया गेली असं समजू नका. युरोपियन युनियनच्या इरास्मस मुंडुस शिष्यवृत्तीत निवड झाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो, म्हणून स्पर्धा पण लई. कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो, बँकेत जाताना ऑफर लेटर आणि फीचा तपशील दोन्ही न्या आणि हप्ता कधी सुरू होणार, मधल्या काळाचं व्याज कुणी भरायचं हे लेखी घ्या.

पायरी ४ : कागद

पासपोर्टला पुण्याला पळायची गरज नाही, सोलापूरच्या मुख्य पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पण नाव बघा! आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर वेगळं, आधारवर तिसरंच, लग्न झालं असेल तर चौथं. युरोपातल्या क्लार्कला ही सगळी एकच मुलगी आहे हे कसं कळणार. दहावीच्या बोर्ड सर्टिफिकेटशी जुळेल असं पासपोर्टवर घ्या, फरक असेल तर गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र आत्ताच करा.

मेडिकल, डेंटल, आयुष, नर्सिंग, फिजिओ म्हणजे डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांचा आणि मार्कांचा अधिकृत उतारा, तिकडूनच येणार. बाकीच्यांना केगावला आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात जायचं. दोन्हीकडे महिना-दीड महिना हातात ठेवून अर्ज टाका. जर्मनीला जायचं असेल तर एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमचे शिक्षणाचे कागद तपासून दिलेला दाखला, लागतं, ते दिल्लीहून येतं, त्याशिवाय व्हिसाची फाइल पुढे जात नाही, म्हणून ते सगळ्यात आधी. आयईएलटीएस ॲकॅडमिकच द्या, जनरल नाही. स्वीडनला एकूण ६.५ आणि कुठल्याही भागात ५.५ पेक्षा कमी नको, बाकी ठिकाणी बऱ्याचदा ७ मागतात. मराठी मीडियमची मुलं घाबरतात ती बोलण्याला, पण मार्क जातात लिहिण्यात, त्यामुळे रोज एक पान लिहा आणि कुणालातरी तपासायला द्या.

पायरी ५ : अर्ज

स्वीडनचा अर्ज एकाच सरकारी पोर्टलवरून जातो, फी ९०० क्रोना, मास्टर्सचे चार कोर्स निवडता येतात. क्रम विचार करून लावा, कारण वरच्या पसंतीत जागा मिळाली की खालच्या आपोआप रद्द होतात. ऑक्टोबरच्या मध्याला सुरू आणि १५ जानेवारीच्या आसपास बंद, म्हणजे बरोबर गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तेव्हा घरात पाहुणे, गावात गर्दी, म्हणून डिसेंबरमध्येच पाठवून मोकळे व्हा. निकाल मार्चअखेर-एप्रिलमध्ये आणि वर्ग ऑगस्टच्या शेवटी.

मोटिव्हेशन लेटर. "लहानपणापासून समाजसेवेची आवड" हे वाक्य काढून टाका, तसली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. पहिल्या परिच्छेदात तुम्ही काय बघितलं ते लिहा, जागा, माणसं, काम. दुसऱ्यात त्याबद्दल काय माहिती सापडली आणि काय सापडली नाही. तिसऱ्यात त्यांच्या कोर्समधला नेमका कुठला विषय तुम्हाला हवाय आणि का. मग परत येऊन किंवा पुढे काय करणार. एवढंच. एजंटकडून लिहून घेऊ नका, पैसे जातात ते जातात वर पत्र दुसऱ्याच कुणाचं वाटतं. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्या मॅडमनी तुमचं काम रोज बघितलंय त्यांच्याकडून घ्या.

पायरी ६ : व्हिसा आणि राहायची जागा

नेदरलँड्सला व्हिसाचा अर्ज विद्यापीठच तुमच्या वतीने करतं. स्वीडनला रेसिडेन्स परमिटचा अर्ज ऑनलाइन तुम्ही करायचा, त्याआधी फीचा पहिला हप्ता भरलेला लागतो आणि राहण्याखाण्याचे पैसे तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात दाखवावे लागतात, वडिलांच्या एफडीवर काम होत नाही. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंट, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि मग महिन्याला ९९२ परत मिळतात.

राहायची जागा ही खरी डोकेदुखी, विशेषतः नेदरलँड्स आणि स्टॉकहोममध्ये. ऑफर आली त्याच दिवशी विद्यापीठाच्या हाउसिंगला अर्ज टाका. समाजमाध्यमांवर कुणी सुंदर फोटो टाकून "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअर करतो" म्हणाला की तो चोर समजा. आणि जर्मनीत घर घेताना विचारा की तिथे पत्ता नोंदवता येतो का, कारण नोंदणी झाली नाही तर पुढचे कागद सगळे अडतात.

पायरी ७ : बॅग

तूप, पेढे, खवा, पनीर, मटणाचं लोणचं, काही नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून सामानात आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे, आईने कितीही प्रेमाने डबा भरला तरी कस्टमवाले टाकून देतात. ताजा कढीपत्ता पण नाही. शेंगा चटणी मात्र चालते, कडक भाकरी चालते, काळा मसाला, डाळी चालतात, आणि त्या शेंगा चटणीवर मी परीक्षेचे दिवस काढलेत. जाड जॅकेट इथून घेऊ नका, तिकडे सेकंडहँड दुकानात चांगलं आणि स्वस्त मिळतं. सोलापुरी चादर न्या, जड आहे तरी न्या. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन जेनेरिक नावासकट.

पायरी ८ : पहिले आठवडे

स्वीडनमध्ये पर्सनल नंबर नावाची गोष्ट आहे, पेर्सूननुम्मर, त्याच्यावर अख्खा देश चालतो, बँक, मोबाइलवरून पैसे देणं, जिमचं मेंबरशिप. तो वर्षभर किंवा जास्त राहणाऱ्यालाच मिळतो, आणि ऑगस्ट ते जून असा कोर्स असेल तर बारा महिने भरत नाहीत, म्हणजे एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांना तो बहुधा मिळत नाही. माहितीपत्रकात हे कुठंतरी खाली असतं. त्यामुळे परदेशात चालणारं कार्ड भारतातूनच घेऊन जा, रोख रक्कम बऱ्याच दुकानांत घेतच नाहीत, आणि आजारी पडलात तर कुठला विमा लागू हे विद्यापीठाला मेलवर विचारून ठेवा. जर्मनीत दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी आणि सरकारी आरोग्य विमा.

आणि ही धावपळ करताना डोळे उघडे ठेवा, कारण हाच तुमचा विषय आहे. जर्मनीत तुम्ही ज्या विम्याचा हप्ता भरता तो बिस्मार्कने १८८३ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीचा वंशज, स्वीडनमध्ये करातून चालणारी व्यवस्था. वर्गात हे तक्त्यात शिकवतात, तुम्ही ते रांगेत उभं राहून शिकताय.

अंधाराबद्दल आधीच सांगते. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला दिवस जेमतेम सहा तासांचा. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ते मनावर येतं, झोप बिघडते, रडू येतं, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुपारी उजेड असताना बाहेर चाला, एकटं जेवू नका, विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्य केंद्रात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे वेळेत जा.

पायरी ९ : वर्ग आणि थीसिस

प्राध्यापकांना नावाने हाक मारायची, सर-मॅडम नाही, हे जिभेला जड जातं पण होतं सवयीने. वेळापत्रकात १० लिहिलेलं असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, तो ॲकॅडमिक क्वार्टर. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलेलं असतं, म्हणजे वर्गात तास थोडे आणि वाचन डोंगराएवढं. जायच्या आधी आर नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर थोडं हाताळा, फुकट आहे, आणि संदर्भ ठेवायला झोटेरो. कुणाचं वाक्य उचललं आणि नाव दिलं नाही तर तिकडे चौकशी बसते, नोट्स काढतानाच कुठून घेतलं ते लिहीत जा.

चर्चेत गप्प बसू नका. "इन इंडिया" म्हणून सुरू झालात की कुणाच्या लक्षात राहत नाही, सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईबद्दल बोललात की अख्खा वर्ग ऐकतो, घाना, ब्राझील, नेपाळची मुलं आपापल्या घरकामगार बायकांबद्दल सांगायला लागतात, माझ्या थीसिसची अर्धी कल्पना अशाच एका दुपारी मिळाली.

थीसिसचं फिल्डवर्क सोलापुरात करायचं असेल तर परवानग्या दोन्हीकडच्या लागतात, तिकडच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे आणि इकडे एखाद्या कॉलेजच्या किंवा संस्थेच्या एथिक्स कमिटीची, त्यात परदेशी संस्थेसोबतचं संशोधन म्हणून आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचा प्रश्न येतो. याला महिने जातात, म्हणून इकडचा सहमार्गदर्शक पहिल्या सेमिस्टरलाच शोधा. वेळ नसेल तर आधीच गोळा झालेल्या डेटावर, एनएफएचएससारख्या, थीसिस करा, ते काही कमी दर्जाचं नाही. आणि बायकांच्या मुलाखती घेतल्या तर संमतीपत्र मराठीत आणि तेलुगूत दोन्ही करा, पूर्व भागात नुसत्या मराठीत सही घेणं बरोबर नाही, आणि निष्कर्ष परत जाऊन त्यांना सांगा.

पायरी १० : नंतर

युरोपात ग्लोबल हेल्थच्या नोकऱ्या मोजक्या आहेत आणि स्थानिक भाषा न येणाऱ्याला अजून मोजक्या, हे आधीच धरून चला. स्वीडनमध्ये कोर्स झाल्यावर नोकरी शोधायला वर्षभर, जर्मनीत १८ महिने राहता येतं. पीएचडी करायची असेल तर स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्समध्ये ती बहुतेक पगारी नोकरीच असते, म्हणून मास्टर्सच्या थीसिसचा गाइड नीट निवडा, पुढचं पत्र तोच देणार. जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत ६ ते २४ आठवड्यांची इंटर्नशिप असते, २०२० पासून त्यांना विद्यावेतन देतात, अर्ज शिकत असतानाच टाका. परत यायचं ठरवलंत तर एनएचएम, संशोधन संस्था, मोठ्या सामाजिक संस्था यांच्या जाहिराती शेवटच्या सेमिस्टरपासून बघायला लागा, कारण कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात कर्जाचा हप्ता सुरू होतो आणि तो तोपर्यंत पगारातून जायला हवा.